घरी आल्यावर बाळाचा ऑक्सिजन मोजायला कोणतं मशीन घ्यावं?

चिऊची आई:
लेक ३० व्या आठवड्यात झाली, ११८० ग्रॅमची. आता ३५ आठवडे भरलेत, वजन १७९०, दोन आठवडे ऑक्सिजन लागलेला नाही. सोमवारी घरी सोडणार. रात्रंदिवस मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघायची सवय झालीय, घरी तो नसणार या विचारानेच पोटात गोळा येतो. कोविडात घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर चालेल का? आणि ऑक्सिजनवर असताना ९८ दिसलं की सिस्टर लगेच ऑक्सिजन कमी करायच्या. आता ९९ असतो तर कुणी काहीच करत नाही. असं का?

जुळ्यांचा बाबा:
बोटाचं नकोच. आम्ही तो चिमटा धाकटीच्या पावलाला लावला, ८१ आलं. रात्री दोनला रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, तिथे ९७! लाल आणि इन्फ्रारेड दिव्यासमोर सेन्सर नीट आला नाही की आकडा भलताच येतो. पाय हलला तरी तेच.

नवजात विभागातली सिस्टर:
ताई, तान्ह्यांचा प्रोब, म्हणजे सेन्सर, पट्टीसारखा पावलाभोवती गुंडाळतात, सैलसर, आणि दर तीन-चार तासांनी जागा बदलतात. नाहीतर नाजूक कातडीवर वळ उठतो.

बाहेरून ऑक्सिजन चालू असताना आम्ही साधारण ९१ ते ९५ मध्ये ठेवतो. त्याच्या वर गेलं की रक्तात ऑक्सिजन थोडा जास्त आहे की खूपच जास्त, हे आकड्यावरून कळत नाही, आणि जास्तीचा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्याला बाधतो. साध्या हवेवरचा ९९ मात्र तिचा स्वतःचा आहे, त्याची काळजी नको.

ऑक्सिजन सुटलेल्या बाळाला घरी मॉनिटर सहसा लागत नाही, तरी सोडताना डॉक्टरांना विचाराच. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा श्वास घेणं या बाळांत दिसतं. पण २० सेकंद श्वास थांबला, ओठ-जीभ निळी पडली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा दूध ओढेनाशी झाली, तर आकडा न बघता निघा.

आरओपीची, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची, तपासणी झाली का? जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी होती.

चिऊची आई:
नाही हो, कुणी बोललंच नाही! आत्ताच डॉक्टरांना विचारते.

चिऊची आई:
उद्या सकाळी ११ ला डोळ्यांचे डॉक्टर एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) येऊन बघणार आहेत. मशीन मागवत नाही.