मेनोनाइट चर्चला मनोरा का नसतो? आणि पुलपिट लांब भिंतीला का?

स्वराली_सांगली: नमस्कार मंडळी, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हिस्ट्रीच्या असाइनमेंटला मी अमेरिकेतल्या कॅन्ससचं अलेक्झांडरवोल मेनोनाइट चर्च घेतलंय (मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ). १८७४ ला रशियातून गेलेल्या लोकांचं, इमारत १८८६ ची, १९२८ मध्ये बरेच बदल केलेत. पण आपण महाबळेश्वर-पाचगणीला बघतो तसं चर्च डोळ्यापुढं ठेवून मॉडेल करायला बसले तर काहीच जुळेना. पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा ओटा, लांब भिंतीच्या मधोमध आणि तीन बाजूंनी गॅलरी, असं का? सर म्हणाले तूच शोध, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

वाईकर_काका: स्वराली, एक सांग, तुमच्याकडं गावात सप्त्याचं कीर्तन बघितलंयस ना? बुवा मधे उभे, मागं टाळकरी, आणि माणसं समोर अन् दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं, बायका एकीकडं पुरुष एकीकडं. बुवा मंडपाच्या पार टोकाला उभे राहिले तर मागच्या म्हातारीला काय ऐकू येणार? हे लोकसुद्धा शब्द ऐकायला जमायचे. वेदीवर काही विधी चाललाय आणि तो लांबून बघायचाय असं नव्हतंच, म्हणून वेदीसाठी लांबट हॉल लागला नाही. हिशोब करून बघ, ६० बाय ४० फुटांचा हॉल धर. आखूड भिंतीच्या मध्यावरून लांबचा कोपरा साधारण ६३ फुटांवर पडतो, लांब भिंतीच्या मध्यावरून ५० वर. माईक नसताना तेरा फूट म्हणजे लय झाले. आणि वर गॅलरी काढली की माणसं आणखी मागं न सरकता उंचावर बसतात.

मिरज_जंक्शन: काकांचं एकदम पटलं. मनोऱ्याचं मला ठाऊक आहे ते सांगतो. हे लोक मेन्नो सायमन्सच्या मागचे, तो आधी कॅथलिक पाद्री होता, १५६१ ला वारला. मोठं होऊन स्वतः ठरवून बाप्तिस्मा घ्यायचा आणि हत्यार उचलायचं नाही, एवढ्यावरून त्यांचा छळ झाला. हॉलंडमध्ये नंतर त्यांना प्रार्थना करू द्यायचे पण रस्त्यावरून चर्च दिसायला नको अशी अट, म्हणून अॅमस्टरडॅमचं सिंगलकेर्क १६०८ मध्ये घरांच्या रांगेमागं बांधलं. साधेपणाची शिकवण होतीच, त्यात लपून राहायची सवय, मग मनोरा आणि रंगीत काचा कुठून येणार? आणि मॉडेलच्या प्लेटवर प्रवासाचा नकाशा जरूर काढ. हॉलंडकडून प्रशियातल्या विस्तुला नदीकाठी, तिथून १८२० च्या सुमारास रशियाच्या मोलोच्ना वसाहतीत, वाटेत झार अलेक्झांडर भेटला आणि त्यानं भलं होवो म्हणून शुभेच्छा दिल्या, त्यावरूनच गावाचं नाव अलेक्झांडरवोल, जर्मनमध्ये वोल म्हणजे भलं. पुढं सैन्यात भरतीची सक्ती येणार दिसल्यावर जवळजवळ अख्खं गाव उठून कॅन्ससला. तीन देश फिरून ही जमात एका खोलीची मांडणी सोबत घेऊन गेली, मला तर हे फार मोठं वाटतं.

स्वराली_सांगली: काका, कीर्तनाचं उदाहरण वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला! आमच्या गावी विठ्ठलाच्या देवळात मी आजीबरोबर डाव्या बाजूच्या खांबाला टेकून बसायचे, ती जागा आठवली. अमेरिकेतली सगळीच मेनोनाइट चर्च अशी का?

वाईकर_काका: नाही गं, मुळं वेगळी तशी घरं वेगळी. फिलाडेल्फियात जर्मनटाउनला त्यांची वस्ती १६८३ पासूनची, तिथं १७०८ ला लाकडी ओंडक्यांचं प्रार्थनाघर होतं आणि १७७० ला दगडाचं बांधलं, लहानसं, उतरत्या छपराचं, लांबून बघितलं तर राहतं घर वाटावं. ते अजून उभं आहे. कॅन्ससची मंडळी मात्र गव्हाचं बियाणं घेऊन आलेली, टर्की रेड म्हणतात त्याला, आणि गाव मोठं म्हणून इमारतही मोठी. मी वाईत जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं केलीत म्हणून सांगतो, मॉडेल करताना बाहेरून सुरू करू नकोस. आधी पुलपिट ठेव, त्याच्याभोवती बाकं आणि गॅलरी, खिडक्यांना साध्या काचा, मग भिंती.

स्वराली_सांगली: आज रात्रीच करते काका. छप्पर सुटं ठेवते, म्हणजे सरांना आत वाकून बघता येईल.