चर्चा: 11 वेळा एकच आमदार, तरी सांगोला दुष्काळीच?

दुष्काळी_पट्टा: गणपतराव देशमुख सलग 11 वेळा आमदार, साधी राहणी, एसटीने प्रवास, सगळं कबूल. पण एवढ्या वर्षांत तालुक्याला पुरेसं पाणी आणता आलं नाही. मग त्या विक्रमाचं कौतुक कशासाठी?

फेरीनिहाय: आधी 'सलग' काढा. 1962 आणि 67 ला जिंकले, 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग 78, 80, 85, 90. 1995 ला शहाजीबापू पाटलांकडून 192 मतांनी हरले. पुढे 99, 2004, 09, 14. दोनदा पडून 11 वेळा निवडून येणं सलग जिंकण्यापेक्षा अवघड, कारण पडलेल्या माणसामागे कार्यकर्ता टिकत नाही. त्यातही चिन्ह शेकापचं (शेतकरी कामगार पक्ष), राज्यात पक्ष आटत चाललेला.
देशातला विक्रम म्हणणाऱ्यांनाही सांगतो: केरळच्या पुथुपल्लीतून ओमन चंडी 12 वेळा आले.

टेलचं_पाणी: मूळ पोस्ट वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी 31 मे 2000 च्या आत अडवायचं, ही घाई सरकारला झाली 1996 मध्ये. तेव्हा कृष्णा खोरे महामंडळ आलं. गणपतराव त्या वेळी सभागृहात नव्हते. पण त्याआधीच, 1993 पासून, नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत तेरा दुष्काळी तालुके एकत्र आणायला ते होते.
आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी सांगोल्यापर्यंत पोचताना काय होतं ते बघा. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढतं. एका टप्प्याचे पंप थांबले की पुढचं सगळं कोरडं. वीजबिल 81 टक्के सरकार, 19 टक्के शेतकरी. वरच्या भागात ऊस, त्यामुळे पाणीपट्टी कारखान्याच्या बिलातून कापता येते. सांगोल्यात डाळिंब, ते उघड्या बाजारात विकलं जातं, कापायचं कुठून? वसुली थकली की आवर्तन (कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) लांबतं, आणि आवर्तन सुरू झालं तरी वरच्यांचं भरल्याशिवाय टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, थेंब येत नाही. म्हैसाळ योजनेचंही तेच.

दुष्काळी_पट्टा: हे सगळं मान्य केलं तरी ते 1978 ला मंत्री होते, 1999 ला पुन्हा होते. विरोधी बाकाची सबब कायमची चालणार नाही. मोठ्या पक्षात गेले असते तर निधीच्या यादीत तालुका वर आला असता.

टेलचं_पाणी: पक्ष बदलून आणलेला निधी पुढच्या पक्षबदलापर्यंत टिकतो. सूतगिरणी बघा. सहकारात उभी केली आणि चालवून दाखवली. बाकीच्या किती गिरण्यांना कुलपं लागली ते मोजा आणि मग बोला.

गाववेस: गिरणीचं बरोबर आहे, तेवढं देतो. पण 2019 ला नातवाला उमेदवारी दिली आणि सीट 768 मतांनी गेली. त्या दिवशी फेरमोजणी का नाही मागितली, याचं उत्तर कुणी देत नाही.

फेरीनिहाय: मागितली का नाही, यावर वाद नको. मागून काय मिळतं ते समजून घ्या. बेरीज जाहीर झाल्यावर, नमुना 20 वर (अंतिम निकालपत्रक) सही होण्याआधी, कारणं देऊन लेखी अर्ज करावा लागतो. नुसतं 'फरक कमी आहे' हे कारण नाही. निकाल घोषित झाला की निर्णय अधिकाऱ्याच्या हातात काही उरत नाही, मग 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका.
यंत्रातला आकडा दुसऱ्यांदा दाबला तरी तोच येतो. फरक पडू शकतो टपाली मतांत. बाद टपाली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील तर ती सगळी पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. मतदाराच्या घोषणापत्रावर सही नाही, साक्षांकन नाही, घोषणापत्र मतपत्रिकेच्या आतल्या पाकिटात, या चुकांनी मतं बाद होतात.

गाववेस: आणि केंद्रावरची मतं?

फेरीनिहाय: तिथे मतदान प्रतिनिधीने संध्याकाळी नमुना 17-सी ची, म्हणजे केंद्रावर झालेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतली पाहिजे. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक, सील आणि एकूण मतं त्या प्रतीशी जुळवायची. तफावत दिसली तर तिथेच, फेरी जाहीर होण्याआधी, लेखी हरकत. पक्ष लहान असला की प्रत्येक टेबलाला माणूस मिळत नाही, आणि रात्री हरकत आठवून उपयोग नसतो.

दुष्काळी_पट्टा: विषय पाण्याचा होता, तुम्ही मोजणीत नेलात.

टेलचं_पाणी: तुम्हीच विक्रमावर बोट ठेवलंत! 2024 ला शेकापचे बाबासाहेब देशमुख सुमारे 25 हजारांनी आले. तालुक्याला राग असता तर आले असते?

दुष्काळी_पट्टा: शहाजीबापू (शिंदेंची शिवसेना) आणि दीपकआबा साळुंखे (ठाकरेंची शिवसेना) यांची मतं एकत्र करा, विजेत्यापेक्षा जास्त भरतात. दोन शिवसेना भांडल्या, सीट शेकापची झाली. 'सलग' हा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही. नव्या आमदारांनी टेंभूच्या आवर्तनाच्या तारखा आणि टेलला किती दिवस पाणी दिलं ते दर हंगामात जाहीर करावं.

टेलचं_पाणी: ही मागणी माझीही. टेलच्या वितरिकेवरचं मोजमाप त्यात हवं. मुख्य कालव्यात सोडलेलं पाणी सांगोल्याच्या नावावर मांडायचं नाही.