पोराचा जमाखर्च: काटोलच्या शेतकरी घरात मुलाचं आर्थिक मूल्य मोजायचं कसं?

संत्रानगरी:
एम.ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी ६० घरं घेतली आहेत. ३० काटोल तालुक्यातली, कापूस-संत्र्याची. ३० नागपूर शहरातली, पगारदार. मांडणी अशी: पूर्वी पोरगं घराला हातभार लावायचं, आता त्याच्यावर नुसता खर्च होतो, म्हणून जन्मदर घटला. प्रश्नावलीत दोन रकाने ठेवलेत, 'मुलावर वर्षाचा खर्च' आणि 'मुलाकडून उत्पन्न'. दुसऱ्यात जवळपास सगळीकडे शून्य येतंय. कुठे चुकतंय? आणि नागपूर जिल्ह्याचा जन्मदर कोणता धरू?

पऱ्हाटी:
ताई, शून्य येणारच. 'पोरगा कमावतो का?' म्हटलं की बाप 'नाही' म्हणतो, आणि खोटं बोलत नाही. मजुरी हातात पडली नाही तर त्याच्या लेखी ते कामच नव्हे. वरून मनात कायद्याची धास्ती. २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या शेतात हातभार लावता येतो, फक्त काम धोक्याचं नको. हे आधी सांगून टाका, माणूस मोकळा होतो.

पैसे विचारूच नका, तास विचारा. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाची रीत उचला: काल पहाटे ४ ते आज पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ खण, घरातला ६ वर्षांचा आणि त्यावरचा प्रत्येक जण. पोट्ट्यांच्या खणात काय येतं ते बघा: शेळ्या चारणं, वावरात डबा पोचवणं, पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं. हे शेवटचं हमखास सुटतं. ९ वर्षांची पोरगी तान्ह्याला घेऊन घरी बसते म्हणून माय वेचणीला जाऊ शकते. वेचणीचे पैसे मायच्या नावावर लागतात, पोरीच्या नावावर काहीच नाही. याची किंमत दोन रीतींनी काढता येते: सांभाळायला बाई ठेवली असती तर तिचा पगार, किंवा मायची त्या दिवसाची मजुरी. दोन्हीपैकी एकच धरा. बेरीज केली तर तेच काम दोनदा मोजलं जातं.

एका फेरीत भागत नाही. मे महिन्यात गेलात तर पोट्टे मामाच्या गावाला. जुलैत निंदण-डवरणी, नोव्हेंबरात वेचणी, एप्रिलात मोकळा काळ अशा तीन फेऱ्या करा आणि जो हंगाम जितके आठवडे चालतो तितकं वजन त्याच्या आकड्याला द्या. '१२ वर्षांचा म्हणजे अर्धा मजूर' असं बसल्या जागी ठरवू नका. वेचणीत तर काटाच असतो, संध्याकाळी गाठोडं तोलतात. किलो लिहून घ्या.

आकडेमोड:
आधी शब्द नीट करा. जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागे जन्म. गावातली तरुण मंडळी पुण्याला गेली तरी तो पडतो. तुम्हाला हवा आहे एकूण प्रजनन दर, म्हणजे आजचेच दर कायम राहिले तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा हा दर १९९२-९३ ला २.९ होता, २०१५-१६ ला १.९, २०१९-२१ ला १.७. जिल्ह्याच्या पत्रकात तो देतच नाहीत. तिथे 'तिसरं किंवा त्यापुढचं अपत्य असलेल्या जन्मांची टक्केवारी' मिळते, तीच वापरा.

३० घरांतून स्वतः दर काढायच्या भानगडीत पडू नका. १५ ते ४९ चे पाच-पाच वर्षांचे सात गट, प्रत्येकाचा दर काढायचा, बेरजेला ५ ने गुणायचं. तुमच्या एका गटात बायका येणार चार-पाच. ५ बायका, मागची ३ वर्षं, म्हणजे १५ स्त्री-वर्षं. एक बाळ जास्त धरलं गेलं की १/१५ गुणिले ५, दर ०.३३ ने हलला!

खर्चाच्या रकान्यातही गडबड होणार आहे. घरखर्चाला माणसी सारखं भागू नका. पहिला मोठा माणूस १, दुसरा ०.५, प्रत्येक मूल ०.३ असा भार सर्रास वापरतात. आई-बाप आणि दोन मुलं मिळून २.१, त्यात मुलांचे ०.६, म्हणजे सुमारे २९ टक्के. शाळेची फी, ट्यूशन, व्हॅन हे आधी घरखर्चातून वजा करा आणि मग थेट मुलाच्या नावावर टाका. शहरी घरात सगळ्यात मोठी रक्कम बहुतेक वेळा फीची नसते, आईने सोडलेल्या नोकरीची असते. तिला तुमच्याकडे रकानाच नाही.

इतवारीकर:
हिशोबाचं वरच्या दोघांनी सांगितलं. माझी हरकत मांडणीवर आहे. काटोल म्हणजे नागपूरचं 'पूर्वी' नव्हे. काटोलच्या घरातही आज दोनच पोरं दिसतील. ही दोन ठिकाणं आहेत, दोन काळ नव्हेत. 'पूर्वी' हवं असेल तर त्याच घरांतल्या आजी-आजोबांना विचारा: भावंडं किती, जगली किती, कोण कितव्या वर्षी कामाला लागलं. शहरात गोळीबार चौकाकडची जुनी कोष्टी घरंही घ्या. हातमागावर कांड्या भरायचं काम पोरांकडे असायचं. माग गेला आणि पोराचं ते कामही गेलं.

संपत्ती पोरांकडून आईबापाकडे वाहायची ती उलटी वाहू लागली की प्रजनन दर पडतो, हे लोकसंख्येचे अभ्यासक कॉल्डवेल यांनी १९७६ मध्ये मांडलं. मीड केन या संशोधकाने बांगलादेशातल्या एका गावात मोजलं, तर मुलगा १२ व्या वर्षापर्यंत खातो त्याहून जास्त कमावू लागतो आणि १५ व्या वर्षापर्यंत आधीचं सगळं फेडतो, असं निघालं. पण नुसतं 'म्हणून' लिहून चालणार नाही, दुसरी कारणंही आहेत. देशात १९७१ ला हजारी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत, २०२० ला २८. एक तरी हाताशी राहावा म्हणून चार लागत, ती गरज संपली. शिवाय राज्यातल्या सुमारे निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे.

आणि म्हातारपण कुठे आहे तुमच्या प्रश्नावलीत? १ नोव्हेंबर २००५ आधी लागलेल्या राज्य सरकारी नोकराला पेन्शन, शेतकऱ्याला फार तर सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १,५००. 'पोरगा महिन्याला किती पाठवतो' एवढ्यावर थांबू नका. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रांगेत कोण उभं राहतं, फेरफारासाठी तलाठ्याकडे कोण जातं, केवायसी कोण करून देतं, हेही तासांत लिहा. मुलगी-जावयाचा रकाना वेगळा ठेवा.

संत्रानगरी:
म्हातारपणीचे पैसे आजच्या खर्चाशी कसे जुळवू? सरळ वजाबाकी चालेल?

आकडेमोड:
नाही चालणार. ३० वर्षांनी मिळणारे १ लाख ८ टक्के व्याजदराने मागे आणले तर आजचे जेमतेम ९,९००, आणि ३ टक्क्यांनी ४१,२००. दर बदलला की त्याच घरातला पोरगा तोट्यातून फायद्यात येतो. आजच्या भावाने रकमा धरल्या असतील तर महागाई वजा केलेला दर लावा. दोन्ही दरांनी तक्ता द्या आणि निष्कर्ष कुठे उलटतो तो दर लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.