मदत हवी आहे : वर्गात वाजवण्यासाठी कवितांचे घरगुती ध्वनिमुद्रण कसे करावे?

नमस्कार.

मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका असून माझी आंतरवासिता सध्या राजापूर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत, तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गावर चालू आहे. मराठीच्या तासाला कविता चालीवर म्हणून घेण्यासाठी मी त्या घरीच, माझ्या आवाजात आणि पेटीच्या साथीने, ध्वनिमुद्रित करते व वर्गात स्पीकरवर वाजवते. अडचण अशी की घरी हेडफोनवर जे अगदी स्वच्छ वाटते, तेच वर्गात वाजवले की चाल तेवढी कळते आणि शब्द विरून जातात. मागच्या रांगेतील मुले तर शब्दांच्या जागी नुसते स्वर म्हणू लागतात. दोष ध्वनिमुद्रणात आहे, स्पीकरमध्ये आहे की खोलीत आहे हे मला ठरवता येत नाही, आणि ते ठरल्याशिवाय जवळचे पाच-सहा हजार रुपये माईकवर खर्च करावेत की स्पीकरवर, हेही ठरत नाही.

तयार गाणी का वापरत नाही, असा प्रश्न येईल म्हणून आधीच लिहिते. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरील साहित्य मिळते आणि रेंज असलेल्या ठिकाणी ते आधी उतरवूनही नेता येते; इतर बालगीतांचीही इंटरनेटवर वाण नाही. परंतु त्यांपैकी बहुतेकांची लय माझ्या वर्गातील मुलांच्या तोंडाला पेलत नाही, वाद्यमेळ दाट असतो, आणि मुख्य म्हणजे त्यांत मुलांसाठी जागाच सोडलेली नसते. मला हवी असलेली रचना साधी आहे: एक ओळ मी म्हणायची, नंतर तितक्याच मात्रांची मोकळी जागा पेटीच्या सुरावर सोडायची आणि त्या जागेत मुलांनी ती ओळ म्हणायची. अशी ध्वनिफीत वाजत असली की मला फळ्याजवळ अडकून न पडता मुलांमध्ये फिरता येते. कोण नुसतेच ओठ हलवत आहे आणि कोणाचे जोडाक्षर अडते आहे, हे जवळ जाऊन ऐकता येते. शिक्षकाचे हात आणि कान मोकळे होणे, हाच मला वर्गातील तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो. (पाठ टाचणातील ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या रकान्यात पडदा दिसल्याशिवाय तपासणाऱ्यांचे समाधान होत नाही, ही गोष्ट निराळी. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

आता खोलीविषयी. भिंती चिऱ्याच्या, आतून गिलावा केलेल्या. खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रे, आणि पडदे किंवा सतरंजी यांपैकी काहीही नाही. पटावर तीसच्या आसपास मुले आहेत. शाळेचा मोठा टीव्ही दुसऱ्या खोलीत भिंतीला पक्का बसवलेला असल्यामुळे तो हलवता येत नाही, आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नसल्यामुळे मी माझा हाताच्या पंजाएवढा ब्लूटूथ स्पीकर नेते. तो मी टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवते आणि आवाज पूर्ण वाढवते.

घरी माझ्याकडे अँड्रॉइड फोन, चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर ऑडॅसिटी (ध्वनिमुद्रण व संपादनाचे मोफत सॉफ्टवेअर) आणि माईक असलेला वायरचा इअरफोन एवढेच साहित्य आहे. प्रवेशिका पूर्णपर्यंत गाण्याच्या परीक्षा दिल्यामुळे पेटीवर हात चालतो. फोन समोर ठेवून गाताना पेटीचा आवाज माझ्या आवाजावर चढतो, म्हणून आधी फक्त पेटी ध्वनिमुद्रित करून, ती ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत, वरून गाण्याचा प्रयत्न केला; परंतु दोन्ही ध्वनिमुद्रणे एकत्र वाजवली की माझे गाणे पेटीच्या किंचित मागे पडलेले ऐकू येते. दिवसा रस्ता आणि पंखा, रात्री बेडूक आणि रातकिडे, असे आवाजही सोबतीला असतातच. ते काढण्यासाठी ऑडॅसिटीतील नॉइज रिडक्शन वापरले, तर गाणे पाण्याखालून आल्यासारखे होते. कंडेन्सर माईक घ्यावा असे एका दुकानदाराने सुचवले, पण तो बेडूक अधिकच स्पष्ट टिपेल अशी मला भीती वाटते.

याशिवाय दोन शंका आहेत. माझी पट्टी पांढरी पाच आहे (म्हणजे पेटीच्या सप्तकातील पाचवी पांढरी कळ हा माझा ‘सा’) आणि मी त्याच पट्टीत गाते. परंतु चाल मंद्रात (‘सा’च्या खालच्या सप्तकात) उतरली की मुलांचे आवाज नाहीसे होतात. मुलांसाठी पट्टी कशी निवडावी? दुसरे असे की काही पालकांनी या ध्वनिफिती व्हॉट्सॲपवर मागितल्या आहेत. पाठ्यपुस्तकातील कविता माझ्या आवाजात अशा देणे कायद्याला धरून आहे का? ज्यांनी वर्गासाठी किंवा घरी ध्वनिमुद्रण केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, आपण वर्णन केलेली खोली वाचल्यावर पहिला सल्ला हाच की माईक सध्या घेऊ नका. आपला दोष मुख्यतः खोलीत आहे, त्याखालोखाल स्पीकरच्या जागेत, आणि थोडा आवाज व पेटी यांच्या मिश्रणात.

गिलाव्याची भिंत, फरशी आणि पत्रा हे तिन्ही पृष्ठभाग ध्वनी जवळजवळ सगळाच परत फेकतात. त्यामुळे उच्चारलेला स्वर थांबल्यानंतरही खोलीत घुमत राहतो; हाच निनाद. स्वरांमध्ये ऊर्जा जास्त असते. क, त, स, ट यांसारखी व्यंजने मात्र क्षीण आणि क्षणिक असतात, आणि ती ओळखू येण्यासाठी लागणारा बराचसा भाग साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. मागच्या अक्षराच्या स्वराचे घुमणे पुढच्या अक्षराच्या व्यंजनावर पसरते, म्हणून चाल कळते आणि शब्द कळत नाहीत. रिकाम्या वर्गखोलीतील निनाद ०.६ सेकंदाच्या आत असावा, असे अमेरिकेतील वर्गखोल्यांसाठीचे मानक सांगते. आपल्या खोलीत तो नक्कीच त्याहून पुष्कळ अधिक असणार. हेडफोनमध्ये खोलीच नसते, म्हणून तिथे सारे स्वच्छ वाटते. अशा खोलीत आवाज वाढवल्याने काही साधत नाही, कारण त्याबरोबर घुमणेही तितकेच वाढते.

त्यामुळे स्पीकर मुलांच्या जवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा ध्वनी ६ डेसिबेलने घटतो, आणि निनाद मात्र खोलीभर जवळपास सारखाच राहतो. मुलांना अर्धवर्तुळात बसवून स्पीकर मधोमध, स्टुलावर, त्यांच्या कानांच्या उंचीला ठेवलात तर मागची रांग असा प्रकारच उरणार नाही. भिंतीला टेकवलेल्या स्पीकरचे खालचे स्वर फुगतात, ते आपल्याला नकोच आहेत. शक्य असल्यास खाली सतरंजी अंथरा आणि भिंतींवर कापडी तक्ते लावा. मुले स्वतःसुद्धा ध्वनी शोषतात, हा आपला फुकटचा फायदा.

मिश्रण करताना पेटी आपल्याला योग्य वाटते त्याहूनही खाली ठेवा. एवढ्या लहान स्पीकरला अगदी खालचे स्वर धड वाजवता येतच नाहीत, ते वाजवण्याच्या खटपटीत तो फक्त फरफरतो; म्हणून ऑडॅसिटीत हाय-पास फिल्टर लावून १०० हर्ट्झच्या खालचे काढून टाका. पंख्याची आणि विजेची ५० हर्ट्झची घरघरही त्यातच बरीचशी जाईल. एकच स्पीकर असल्यामुळे स्टिरिओची गरज नाही, मोनो पुरेसे आहे. निनादाचा कोणताही परिणाम गाण्यावर घालू नका. तो आपली शाळा घालणारच आहे. पारख हेडफोनवर न करता फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून करा. तिथे शब्द कळले तर वर्गात कळण्याची आशा धरता येते.

गाणे मागे पडते त्याचे कारण ब्लूटूथ. त्यात ध्वनी कानापर्यंत यायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. आपण उशिरा आलेल्या पेटीबरोबर गाता आणि तो उशीर मुद्रित होतो. वायरचा इअरफोन वापरा. लॅपटॉपचा स्वतःचा काही उशीर तरीही राहील. तो मोजण्यासाठी टकटक आवाजाचे एक मुद्रण तयार करा, ते वाजत असताना इअरफोन माईकजवळ धरून पुन्हा मुद्रित करा, दोन्ही मुद्रणांतील टोकांमधले अंतर पाहा आणि ऑडॅसिटीच्या लेटन्सी कॉम्पेन्सेशनमध्ये (उशीर भरून काढण्याच्या सोयीत) असलेल्या आकड्यातून तेवढे वजा करा. ही मोजणी एकदाच करावी लागते.

बेडकांचा बंदोबस्त मुद्रणाच्या वेळीच करायला हवा. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करा, समोर दोरीवर जाड गोधडी टाका, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर पण थोडा बाजूला धरा. म्हणजे प, फ, ब, भ यांचा वारा थेट माईकवर आदळणार नाही. लॅपटॉपवर मुद्रण करत असाल तर चार्जर काढून ठेवा, कारण पुष्कळदा गुणगुण त्यातूनच येते. आवाजाची टोके उणे ६ डेसिबेलच्या वर जाऊ देऊ नका. नॉइज रिडक्शन वापरायचेच असेल तर सुरुवातीला काही सेकंद गप्प राहून त्या शांततेचा नमुना घ्या आणि कपात ६ डेसिबेलवर ठेवा. राहिलेला रातकिडा वर्गात कोणालाही ऐकू येणार नाही.

मूळ प्रत वेव्ह स्वरूपात जपा (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, मिनिटाला सुमारे ५ एमबी) आणि वर्गासाठी मोनो एमपी३ ९६ केबीपीएसवर काढा, ती मिनिटाला पाऊण एमबीसुद्धा भरत नाही. पुढे कधी माईक घेतलात तर डायनॅमिक घ्या. तो जवळचे घेतो आणि लांबचे सोडतो, म्हणून आपल्या घरासाठी योग्य. तथापि यूएसबीचा नसेल तर त्याला ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारे यंत्र) लागेल, हे दुकानात आठवणीने विचारा.

प्रतिसाद २

मी प्राथमिक शाळेत बरीच वर्षे संगीत शिकवले आहे, म्हणून फक्त पट्टीविषयी लिहितो. पट्टी ठरवताना षड्जापासून (‘सा’पासून) सुरुवात करू नका. गाण्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर आधी पाहा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी खालचा स्वर पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी एकच्या खाली शक्यतो जाऊ नये, आणि वरचा स्वर त्याच्या वरच्या सप्तकातील पांढरी एकच्या पलीकडे फारसा जाऊ नये. या हिशेबात चाल बसेल तिथे षड्ज धरावा. आपला षड्ज खालच्या सप्तकातील पांढरी पाच असेल, तर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातील ‘प’) मुलांच्या आवाक्याबाहेर जातो. ती पोरे गप्प होतात ती लाजून नव्हे, त्यांच्या गळ्यात तो स्वरच नसतो. जी चाल मंद्र पंचमापर्यंत उतरते आणि वर मध्य पंचमापर्यंतच जाते, तिला मधल्या सप्तकातील पांढरी चार धरली तर सगळे नीट बसते. आपल्याला थोडे चढे वाटेल, पण हलक्या आवाजात गायलात तर जमेल. ऑडॅसिटीत पट्टी बदलण्याची सोय आहे, तथापि एक-दोन स्वरांपलीकडे आवाज कृत्रिम होतो, त्यापेक्षा पुन्हा गाणे बरे.

आणखी एक विनंती. पहिल्या दिवशी ध्वनिफीत लावू नका. पहिल्यांदा कविता आपण स्वतः, मुलांच्या डोळ्यांत पाहून, हावभावांसह म्हणावी. यंत्र मूल अडले म्हणून थांबत नाही, आपण थांबतो. शब्द तोंडात बसले की मग ध्वनिफीत लावावी.

प्रतिसाद ३

कायद्याविषयी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत उल्लंघन ठरत नाही, त्यामुळे वर्गातील वापराची चिंता नको. पालकांच्या गटात फाइल देणे आणि यूट्यूबवर सर्वांसाठी ठेवणे या मात्र वर्गापलीकडच्या गोष्टी आहेत. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. बालकवींचे निधन १९१८ साली झाले, तेव्हा त्यांच्या कवितांबाबत प्रश्न उद्भवत नाही, पण हयात कवींच्या रचना जाहीर ठेवायच्या असतील तर परवानगी घ्यावी. प्रसिद्ध गाण्याची चाल उचलली असेल तर संगीतकाराचा हक्क वेगळा असतो. पारंपरिक ओव्या आणि भोंडल्याची गाणी यांना ही अडचण नाही. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाल्यास व्हॉइस मेसेज न करता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तिचा दर्जा उतरत नाही.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. आज मुलांना अर्धवर्तुळात बसवून स्पीकर स्टुलावर ठेवला. जुनीच ध्वनिफीत होती, तरी शेवटच्या मुलापर्यंत शब्द पोहोचत असल्याचे जाणवले. पेटी कमी करून आणि पांढरी चारमध्ये गाऊन नवी प्रत या आठवड्यात करते. एक प्रश्न राहिला: पैसे स्पीकरवरच घालायचे ठरवले तर घेताना काय पाहावे? आणि पत्र्यावर मोठी सर आली की काय करावे?

प्रतिसाद १

बॅटरीवर पाच-सहा तास चालणारा, पेनड्राइव्ह आणि ऑक्स वायर या दोन्ही सोयी असलेला, समोर माणसाचा आवाज स्पष्ट येतो का हे दुकानात आपली स्वतःची ध्वनिफीत लावून पाहून घेतलेला स्पीकर घ्या. बास वाढवण्याचे बटण असेल तर ते बंद करता येते ना, तेवढे पाहा. पेनड्राइव्ह फॅट३२ स्वरूपात ठेवा आणि फाइलींच्या नावांआधी ०१, ०२ असे आकडे घाला, म्हणजे क्रम चुकणार नाही आणि फोन खिशातच राहील. पत्र्यावरच्या सरीला मात्र कोणताही स्पीकर पुरा पडत नाही. त्या वेळी लेखन घ्यावे.