सुटल्यावर कैद्याचं काय झालं, हे तुरुंगाने मोजावं का?

मीनल व.
एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) २०२२चा तुरुंगांचा अहवाल वाचला. देशात ५,७३,२२० कैदी, जागा ४,३६,२६६ जणांची. किती जणांना शिकवलं, किती जणांच्या हाताला काम दिलं, याचे तक्ते आहेत. पण शिवणकाम शिकलेला माणूस सुटल्यावर मशीनवर बसला की पुन्हा आत आला, हे त्यात सापडत नाही. मग वर्गाचा उपयोग होतो हे कशावरून म्हणायचं? जिल्हा कारागृहांनी सुटलेल्यांची दोन वर्षं माहिती ठेवावी आणि आकडे जाहीर करावेत.

दादासाहेब क.
साफ विरोध. ही माहिती गोळा करायला शेवटी हवालदारच दारात येणार. पारध्यांच्या पालावर जाऊन विचारा, त्याचा अर्थ काय होतो ते. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, संशय अजून आहे. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४मध्ये सांगावं लागलं!

ॲड. स्नेहा
तुम्ही दोघं शिक्षा झालेल्यांबद्दल बोलताय. त्याच अहवालात चारांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेले. कधी सुटतील ते त्यांनाच ठाऊक नसतं. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवेतर्फे मी कारागृहात जाते. सहा महिन्यांच्या वायरिंगच्या वर्गातल्या एका मुलाला चौथ्या महिन्यात जामीन मिळाला. प्रमाणपत्र नाही, बाहेर पुढचं शिकायची सोय नाही. त्याला 'प्रशिक्षित' धरायचं का?
मला दुसराच आकडा हवाय. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९नुसार, पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयाला लेखी अर्ज करायचा असतो (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि इतर खटले चालू नसतील तर). असे किती अर्ज गेले, ते दर महिन्याला जाहीर करा.

दादासाहेब क.
हे मान्य. यात तुरुंगाचा हिशेब आहे, माणसाचा पाठलाग नाही.

मीनल व.
पण तेवढ्यावर थांबलं तर निरुपयोगी वर्गही वर्षानुवर्षं चालत राहतील. पैठणच्या खुल्या कारागृहात किंवा आटपाडीच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीत शेतात राबलेला माणूस सावरतो, असं म्हणतात. ते खरं ठरलं तर अशा जागा वाढवा म्हणून भांडता येईल. नावं नकोत, नुसती संख्या द्या.

दादासाहेब क.
संख्या काढायला आधी माणूस शोधावा लागतो, ताई. माझा भाऊ सुटून कामाला लागला होता. मालकाकडे चौकशीचा एक फोन आला आणि दुसऱ्या दिवसापासून काम बंद. फोन करणाऱ्यानेही बहुतेक नुसती माहितीच घेतली असेल.