मदत हवी आहे: नवी फरशी बसवण्याआधी जुनी स्कर्टिंग काढावी का?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये आमचा जुना फ्लॅट आहे, लोड बेअरिंग बांधकामाचा, म्हणजे सगळा भार भिंतींवरच. मोझॅकची फरशी न फोडता तिच्यावरच अॅडेसिव्हने २ बाय २ फुटांची व्हिट्रिफाइड टाइल बसवायचं नक्की केलंय. अडलंय ते स्कर्टिंगपाशी, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीपाशी.

मिस्त्री म्हणतात, "राहू द्या, टाइल तिला भिडवून देतो." पण टाइल आणि अॅडेसिव्ह मिळून जमीन दीडेक सेंटिमीटर वर येणार, म्हणजे चार इंची स्कर्टिंग तेवढी बुडणार. शिवाय टाइल भिंतीपर्यंत नेऊन वर नवी स्कर्टिंग बसवली तर कडेची फट आणि वाकडी कापणी दोन्ही झाकली जातात. जुनी ठेवली की ती सांधरेषा कायम डोळ्यांसमोर.

काढायला हरकत नव्हती, पण परवा कपाटामागचा एक तुकडा छिन्नीने काढून पाहिला. त्याच्याबरोबर वीतभर गिलावा खाली आला, आतली वीट दिसायला लागली, वाळू नुसती भुरुभुरु गळत होती. सगळ्या घरात असं झालं तर गिलावा, पुट्टी, रंग, सगळंच आलं. आई दम्याची आहे, धुळीची मला फार काळजी वाटते.

कोणी वरच्या कडेला आधी ग्राइंडरने काप घेऊन स्कर्टिंग काढली आहे का? गिलावा टिकला का? की जुनीवरच पातळ टाइल चिकटवावी? पण मग दाराच्या चौकटीपाशी ती पुढे येईल ना?

दारं खालून तासावी लागणारच, ते माहीत आहे. सोमवारी काम सुरू होतंय, अनुभव असेल त्यांनी कृपया जरूर सांगा.