उपदेश कमी, तान्हा पोळा जास्त

परदेशातल्या ज्या मुलीला आपण मदत पाठवतो, तिला लिहिताना ‘खूप शीक, मोठी हो’च्या पुढे पत्र सरकतच नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. माझंही तेच व्हायचं. मग आम्ही मदत करतो त्या युगांडातल्या मुलीला तान्हा पोळा कळवला: नागपुरात पोरं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. सोबत चाकंवाल्या बैलाचं वेडंवाकडं चित्र. उत्तरात तिनं घरच्या पाचही शेळ्यांची नावं लिहिली!

आता प्रश्न एकच विचारतो, पण नेमका: शाळेच्या वाटेवर काय दिसतं? वाक्यं छोटी ठेवा. पत्र दुभाष्याच्या हातून जातं, म्हणी तिथेच गारद होतात. आणि आपला ४५ अंशांचा मे महिना जरूर सांगा. तिचा देश विषुववृत्तावर, पण उंचीमुळे हवा सौम्य. तिला ती थापच वाटली.